मास्तरांचा लेखी खुलासा

आमची निवड झाली ती भांडणावरून. लालबागला मसाला कुटून घ्यायला मी आणि माझा नवरा रांगेत उभे होतो आणि संकेश्वरी मिरची किती घालायची यावरून आमची जुंपली होती. तो नाशिककडचा, मी लालबागची, त्यातून माहेर मालवणी. म्हणजे मसाल्याच्या बाबतीत त्याने तोंड उघडायलाच नको होतं, पण त्याने ते उघडलं. मी त्याच्या आईच्या आमटीपर्यंत पोचले तेव्हा मागे उभा असलेला एक सडपातळ म्हातारा पुढे झाला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशाला दोन पेनं, पायात चकचकीत पॉलिश केलेले बूट. अगदी अदबीने त्याने विचारलं, "तुम्ही नवरा-बायको ना? लग्नाची?"

"ऐकून वाटत नाही का?" माझा नवरा म्हणाला.

"वाटता म्हणान तर इचारतंय. रविवारी काय करतास दोघां?"

ते मास्तर. शाळेचे नव्हेत, बसचे. मुंबईत कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि हे निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली तरी नायगावच्या बीडीडी चाळीत त्यांना त्याच नावाने ओळखत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कधी कोणाच्या तोंडी मी ऐकलं नाही.

त्यांचं काम असं होतं. परळच्या इस्पितळांत लांबलांबहून पेशंट येतात आणि त्यांच्याबरोबर घरचं कोणीतरी येतं. बहुतेकदा बायको. चार महिने, सहा महिने धर्मशाळेतल्या एका कॉटवर संसार मांडून राहायचं, सकाळी इस्पितळाच्या रांगेत आणि संध्याकाळी स्टोव्हच्या रांगेत. मास्तरांचा सख्खा भाऊ असाच गावाहून उपचाराला आला आणि सात महिन्यांनी गेला. वहिनी परत निघाली तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, हिने मुंबईतला एकच रस्ता पाहिलाय, तोही रोज खाली मान घालून. हे त्यांच्या मनाला फार लागलं. रिटायर झाल्यावर दर रविवारी दुपारी दोन वाजता ते अशा सात-आठ जणांना बसने कुठेतरी न्यायला लागले. पाचला परत. ते याला सहल म्हणत नसत. फेरी म्हणत.

आधी त्यांच्याबरोबर त्यांची बायको जायची, आमच्या काकी. मग काकींचे गुडघे गेले आणि फेरीला बायका येईनाशा झाल्या. "एकट्या बापयाबरोबर कोण येतली?" मास्तर म्हणाले. "मी झालंय म्हातारो, पण तां तेंका काय ठावक?" म्हणून त्यांना जोडपं हवं होतं. जोडपं सोबत असलं की बायका निर्धास्त होतात. त्यातही गोडगोड बोलणारं जोडपं त्यांना चालत नसे. "तसली बघून माणसां गप्प होतत. वायच भांडणारी व्हयी. तेंका बघून आपल्या घरचा वाटता."

आता आमच्या रविवारांबद्दल खरं सांगायचं तर आम्ही सुखी जोडपं म्हणून प्रसिद्ध होतो, कारण आमचे फोटो चांगले यायचे. शनिवारी पहाटे निघायचं, लोणावळ्याला नाहीतर अलिबागला जायचं, वाटेत अडकायचं, अडकल्यावर भांडायचं, पोचल्यावर हसून फोटो काढायचा आणि रविवारी रात्री परत येऊन सोमवारच्या डब्याची भाजी निवडत बसायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आम्ही एकमेकांना कंटाळलो नव्हतो, पण एकमेकांशी काय बोलायचं ते संपत आलं होतं. मास्तरांना हो म्हणण्यात समाजसेवेचा भाग दोन आणे असेल. बाकी चौदा आणे, चला, एक रविवार तरी गाडीत अडकायला नको.

तो एक रविवार म्हणता म्हणता पाच वर्षं गेली.

मास्तरांची शिस्त विलक्षण होती. बसमध्ये ते कधीही बसत नसत. अख्खी गाडी रिकामी असली तरी दाराजवळच्या दांड्याला टेकून उभे. "सीट पॅसेंजरची," एवढंच म्हणायचे. माणसं मोजताना ते प्रत्येकाच्या खांद्याला एक बोट लावत आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत. चढताना एकदा, उतरताना एकदा, आणि मधेच उगाच एकदा. आजाराचं नाव काढायला बंदी होती. एखादी नवी बाई सवयीने रिपोर्टबद्दल बोलू लागली की मास्तर खिडकीबाहेर बोट दाखवून एखाद्या इमारतीची माहिती सुरू करत. ती माहिती बऱ्याचदा चुकीची असे. माझ्या नवऱ्याने एकदा ती फोनवर तपासून दुरुस्त केली तेव्हा ते म्हणाले, "जावयबापू, तुमचा बरोबर. पण तिचा रडणा थांबला मां?" मी लालबागची म्हणून मी 'बाय', आणि मला करून घेतलं म्हणून तो जावयबापू, असं त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी एकच ठिकाण. गेटवे वगैरे नाही. "मुंबई बघूची नसता, मुंबईत वायच बसूचा असता." म्हणून ते आधी विचारून घेत, गावाला काय करता? फुलं विकणाऱ्या बाईला दादरच्या फुलबाजारात नेलं, तिथे तिने शेवंतीचा भाव ऐकून कपाळाला हात लावला आणि पुढचा तासभर विक्रेत्याला माल कसा ठेवायचा ते शिकवलं. एका सुताराला गिरगावच्या एका जुन्या वाडीत नेलं. तिथल्या लाकडी जिन्याखाली तो वीस मिनिटं वाकून सांधे बघत राहिला. वर राहणारी कॅथलिक म्हातारी काय चाललंय ते बघायला बाहेर आली आणि मग तिने आम्हा सगळ्यांना सरबत दिलं.

आम्ही दोघं एखाद्या दिवशी फारच सभ्यपणे वागत असलो की मास्तर अस्वस्थ होत. धर्मशाळेच्या फाटकापाशी हळूच विचारत, "काय गो बाय, आज कायच नाय?" मग मी नवऱ्याला छत्री विसरल्याबद्दल झापायची, तो मला उलट बोलायचा आणि मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. गंमत म्हणजे हे ठरवून भांडता भांडता आमचं घरातलं भांडण कमी झालं. मास्तरांना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांनी आम्हाला कामावरून काढलं असतं.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर लातूरकडचं एक जोडपं धर्मशाळेत आलं. नवरा एसटीचा ड्रायव्हर, सत्तावीस वर्षं लांब पल्ल्याच्या गाड्या चालवलेला. घशाचं ऑपरेशन झालं होतं. बोलता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. नाकात नळी होती आणि ठरलेल्या वेळी तिच्यातून पातळ पेज नाहीतर दूध सिरिंजने घालावं लागे. हे काम तो फक्त बायकोला करू देई. दुसऱ्या कोणी हात पुढे केला की मान वळवायचा. त्यामुळे ती बाई आल्यापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापलीकडे गेली नव्हती.

मास्तरांनी तिला तीन रविवार विचारलं. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली. चौथ्या रविवारी ड्रायव्हरनेच उशाशी ठेवलेल्या वहीत 'जा' असं लिहून वही तिच्यापुढे धरली.

"पाचला नळीचं असतंय ओ," ती म्हणाली.

"वयनी, पाचाक पाच मिनटां असताना तुमी हय उभ्या असतल्यात," मास्तर म्हणाले. "मी शब्द देतंय."

ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि हात पुढे केला. दोघांनी हात मिळवले. एकाच धंद्यातली माणसं ती, वेळेचा शब्द म्हणजे काय ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर मास्तरांनी तिला विचारलं, कुठे जाऊया. ती लाजून मला म्हणाली, "ताई, मला समुद्र बघायचाय. पाणी किती असतंय ते." मी चौपाटी म्हटलं. मास्तरांनी नाक मुरडलं. "चौपाटीवरचो समुद्र रिकामटेकडो. कामाक जाणारो समुद्र दाखवतंय तिका."

म्हणून आम्ही कफ परेडला मच्छीमार नगरात गेलो. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. होड्यांना रंग चढत होता, माणसं जाळी विणत बसली होती. आमचे आठ जण जाळ्यांतून वाट काढत पाण्यापर्यंत गेले. ड्रायव्हरची बायको चपला हातात घेऊन घोट्याइतकी आत गेली. शेवटी जाळं सांधणाऱ्या कोळणीला तिने विचारलं, "पल्याडचा काठ कुठं हाय?" कोळीण हसली. "काठ नाय गो त्याला. नुसतं पाणीच." तेव्हा तिने जो चेहरा केला तो मला आजही दिसतो. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती घड्याळ विसरली होती.

घड्याळ मास्तर बघत होते. पावणेचारला त्यांनी सगळ्यांना उठवलं, मोजलं आणि स्टॉपवर आणलं. तिथून परळला थेट जाणारी एक गाडी होती, त्यांनी स्वतः त्या मार्गावर सहा वर्षं काढली होती. आम्ही थांबलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. माझ्या नवऱ्याने फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, हा नंबर दाखवतच नाहीये. बंद झालाय बहुतेक. मिळेल ती पकडू, पुढे बदलू."

"उतारूंका दोन गाडयो बदलूक लावूचा नाय. येतली ती."

"अहो, पण इथे..."

"गप रे," मी म्हणाले. "त्यांना माहीत नाही तर काय तुझ्या फोनला माहीत?" हे वाक्य माझं. ते मी कोणावर ढकलू शकत नाही.

पाचला वीस मिनिटं कमी असताना शेंगदाणे विकणारा माणूस जवळ आला. "चाचा, वो गाडी तो कब की बंद हो गयी. साल से ऊपर हुआ."

मास्तरांचा चेहरा उतरला. आम्ही धावपळ करून तीन टॅक्सी मिळवल्या. त्या कशाबशा भायखळ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढे गणपतीच्या आगमनाची मिरवणूक होती. श्रावणातल्या रविवारी लालबाग-परळचे रस्ते मोठ्या मूर्तींच्या आगमनाने बंद होतात हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मी तिथेच जन्मले, मास्तर तिथे म्हातारे झाले, आणि आम्हा दोघांनाही ते आठवलं नाही. चारला निघालो असतो तर रस्ता मोकळा होता.

ड्रायव्हरच्या बायकोने टॅक्सीतून नवऱ्याला फोन लावला. "अहो, येतेय मी. उशीर होतोय जरा. त्या शेजारच्या मावशींकडनं तेवढं दूध घालून घ्या की." उत्तर कसं येणार? ती फोन कानाला धरून बसली आणि एकदम माझ्याकडे वळली. "फोनात ताशे वाजतायत. हे खाली रस्त्यावर उतरलेत."

उरलेला रस्ता आम्ही गर्दीतून चालत काढला. मास्तर पुढे, दोन्ही हात फाकून वाट करत, आणि दर पन्नास पावलांवर मागे वळून खांदे मोजत. सव्वासात वाजले. धर्मशाळेसमोरच्या बसस्टॉपच्या खांबाला धरून ड्रायव्हर उभा होता. खांद्यावर टॉवेल, नाकावर चिकटपट्टी. त्याने कोणाकडून काही घेतलं नव्हतं. बायको धावत गेली तेव्हा त्याने आधी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, धड आहे ना याची खात्री करून घेतली. मग मास्तरांकडे बघून आपलं मनगट पुढे केलं आणि घड्याळावर बोट ठेवलं.

मास्तरांनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी फोन करून सांगितलं की रविवारच्या फेऱ्या बंद. त्यांचंही चूक नव्हतं. माझा नवरा चार दिवसांत एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही. त्याच्या जागी मी असते तर टॅक्सीतच म्हणाले असते. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना मीच त्याला म्हटलं, "चुकलं माझं." तो म्हणाला, "माहितीये," आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिला. अकरा वर्षांत मी इतकं नीट त्याच्याकडे बघितलं नव्हतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

चौथ्या दिवशी ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला. "ताई, मास्तरांना घेऊन या. यांनी कागद लिवून ठेवलाय."

आम्ही नायगावला गेलो. दार काकींनी उघडलं. "तीन दिस झाले, पेजेशिवाय कायच घेऊक नाय," त्या हळूच म्हणाल्या. मास्तर खाटेच्या कडेवर बसले होते. "चौतीस वर्षांत पॅसेंजर वाटेत टाकूक नाय मी, जावयबापू. आता कित्याक येव मी?" माझ्या नवऱ्याने त्यांचे बूट पुसून समोर ठेवले. ते बुटांकडे बघत राहिले आणि मग त्यांनी पाय घातले.

धर्मशाळेत ड्रायव्हर कॉटवर ताठ बसला होता. मास्तर आत येताच त्याने वहीचं एक पान त्यांच्या हातात दिलं. मास्तरांनी चष्मा लावला. मी खांद्यावरून वाचलं. अक्षर बारीक, सरकारी वळणाचं.

'विषय : गाडी सव्वादोन तास उशिरा आणल्याबाबत. मागील रविवारी आपल्या ताब्यातील आठ प्रवासी ठरल्या वेळेत पोचले नाहीत. मार्ग चालू आहे किंवा कसे, याची चौकशी निघण्यापूर्वी का केली नाही, याचा लेखी खुलासा आजच्या आज द्यावा.'

खाली सही होती. सहीखाली 'चालक'.

मला वाटलं मास्तर कोसळतील. उलट ते सरळ झाले. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना काय करावं ते कळलं नसतं, पण मेमो कसा घ्यायचा हे त्यांना चौतीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पान खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि उभ्यानेच लिहायला लागले. वेळ लागला. एकदा थांबून चष्मा पुसला. मग दोन्ही हातांनी कागद परत दिला.

'खुलासा : चौकशी केली नाही, कारण मला सर्व माहीत आहे असे मी समजत होतो. सोबतच्या गृहस्थांनी वेळेवर सांगितले होते, मी ऐकले नाही. त्यांचा दोष नाही. त्यांच्या पत्नीचाही नाही. चूक माझी. आपण उपाशी राहिलात, याची भरपाई मजकडे नाही.'

ड्रायव्हरने ते दोनदा वाचलं. बाजूच्या कॉटवरचे पेशंटसुद्धा मान उंचावून बघत होते. मग त्याने खाली लिहिलं, 'खुलासा मान्य. शिक्षा : येत्या रविवारी त्याच मार्गावर पुन्हा ड्युटी. व्यवस्थापकांशी मी बोलतो.' 'बोलतो' हा शब्द लिहिल्यावर तो क्षणभर थांबला, पण शब्द खोडला नाही. प्रवाशाच्या जागी त्याने आपल्या बायकोचं नाव घातलं.

तिने ते वाचलं आणि मागे सरकली. "म्या न्हाय जाणार. एकदा झालं तेवढं पुरे. लई पाप झालं माझ्याकडनं." त्या संध्याकाळपासून तिने समुद्राचं नावही काढलं नव्हतं. तिथे आपल्याला आनंद झाला, याचीच तिला शरम वाटत होती.

ड्रायव्हरने पान उलटलं. या वेळी अक्षर सरकारी नव्हतं, घाईचं आणि मोठं होतं. लिहून झाल्यावर त्याने वही तिच्या मांडीवर ठेवली. तिने ते वाचलं आणि पदर तोंडाशी नेला. मास्तरांनी मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी मात्र वाचलं.

'माझं चुकलं. तू आलीस तेव्हा मी घड्याळ दाखवलं. पाणी केवढं होतं ते विचारलंच नाही.'

मग ती नाक पुसून कॉटवर त्याच्या जवळ सरकली आणि म्हणाली, "लई होतं ओ. कसं सांगू? काठच न्हाय त्याला." आणि ती सांगायला लागली. होड्यांचा रंग, कोळणीचं हसणं, पायाखालची वाळू कशी सरकते, सगळं. पाच वाजायला आले तसे तिने बोलता बोलताच भांड्यातलं दूध सिरिंजमध्ये ओढलं आणि नळीला लावलं.